हाताचा गट, पायाचा गट

२० जानेवारी. आज हर्षदभाईंचं टेबल रिकामं करायला घेतलं. गेल्या आठवड्यात ते वलसाडला मुलीकडे वारले. "सामान कोणाला उपयोगी पडेल त्याला द्या," असं तिने फोनवर सांगितलं. डहाणूतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये जागा कमी, म्हणून काम लांबवलं नाही.

हर्षदभाई मूळचे तलासरीचे. ओळख करून द्यायची त्यांची एक तऱ्हा होती. अच्छाडच्या ढाब्यावर पोऱ्या पाणी घेऊन आला की त्याला सांगायचे, "मी हर्षद. डावा कान बंद, उजव्या बाजूने बोल. तिखट चालेल, गोड बंद. खालचे तीन दात नाहीत, रोटी नरम आण." पोऱ्या माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचे, "भाई, त्याने फक्त पाणी आणलंय."

"बेन, चालू ते सांगायचं, बंद तेही सांगायचं. पुढची कटकट वाचते."

त्यांचं कामच ते होतं. ज्यांचे हात नीट चालत नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही कॉम्प्युटरला जोडायची साधनं बनवतो. कुठलंही असं साधन, साधा माउससुद्धा, वायर जोडताच आधी स्वतःची माहिती देतं: माझ्याकडे इतकी बटणं, हा आकडा आडव्या हालचालीचा, हा उभीचा, अमुक गोष्टी एका गटातल्या, मधली जागा रिकामी असेल तर तीही. त्यानंतर नुसते आकडे जात राहतात आणि त्या माहितीवरून कॉम्प्युटर त्यांचा अर्थ लावतो. ही माहिती हर्षदभाई लिहायचे आणि तिच्यात काडीची लबाडी खपवून घ्यायचे नाहीत.

नरपडच्या काकूंचं काम आलं तेव्हा यावरूनच आमचं वाजलं. अर्धांगाने काकूंची वाचा गेली होती. सगळं समजायचं, मान मात्र 'हो'ला आणि 'नाही'ला सारखीच हलायची. डावा तळहात आणि डावं पाऊल तेवढं चालत होतं. आम्ही तळहाताखाली एक गोळा दिला आणि पायाशी बटण. गोळ्याने पडद्यावरच्या अक्षरापर्यंत बाण न्यायचा, पायाने दाबायचं.

हर्षदभाईंनी गोळा हाताच्या गटात लिहिला आणि बटणासाठी पायाचा वेगळा गट केला.

"भाई, ते माउसचं बटण आहे असं लिहा. दोन्ही एका गटात."

"एम ना चाले, बेन. पाय तो पाय. उद्या टाच आणि बोटं वेगळी हलली तर? तिला आत्ताच माउस करून ठेवू?"

"तिला आज अक्षर दाबायचंय."

ते हसले. वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर आमचा स्वतःचा प्रोग्राम होता, त्यामुळे तिथे सगळं झकास चाललं.

काकूंचा मुलगा नितीन चिकूची वाडी विकायला निघाला होता. वाडी त्याच्या नावावर होती, पण चाळीस वर्षं ती राखली काकूंनी. रविवारी घेणारी मंडळी येणार होती. त्याआधी आईला विचारता यावं, म्हणून नितीनने घाई केली होती. आम्ही सकाळीच पोचलो. त्याचा लॅपटॉप ऑफिसचा, बाहेरचा प्रोग्राम घालू देईना. गोळ्याने बाण फिरला, पण पायाचं बटण मुकं. असला गट त्या लॅपटॉपला ठाऊकच नव्हता.

दुरुस्तीची केबल डहाणूत राहिली होती. हर्षदभाई रिक्षा करून गेले. मंडळी आली. चहा झाला. कोणीतरी वाकून विचारलं, "काकू, विकायची ना?" काकूंची मान हलली. सगळ्यांनी ते 'हो' धरलं आणि बयाणा झाला.

भाई परत आले, तोवर गाडी वळून गेली होती. त्यांनी बटण माउसचं करून टाकलं. दोन ओळींचं काम. काकूंनी एकेक अक्षर गाठत लिहिलं: "विकायला हरकत नव्हती. विहिरीकडची झाडं ठेवायची होती."

"आई, आधी सांगायचं ना," नितीन बोलून गेला आणि मग भिंतीकडे बघत राहिला. घेणाऱ्याने नंतर ऐकलं नाही. झाडं गेली.

माझं म्हणणं बरोबर होतं. कोणाच्याही कामाला आलं नाही. परतताना हर्षदभाई एवढंच म्हणाले, "मी तिच्या पायाचा मान ठेवायला गेलो, बेन."

त्यानंतर त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही. "तुम्ही म्हणाल तो गट," म्हणायचे आणि लिहून द्यायचे. काम वेळेत होऊ लागलं. मला ते आवडत नव्हतं. कोणी ओळख करून दिली, तरी नुसतं "हर्षद" म्हणून थांबायचे. वर्षभरात वलसाडला निघून गेले.

टेबल संध्याकाळपर्यंत मोकळं झालं.

२१ जानेवारी. सकाळी वाणगावला गेले. तिथल्या एका आजोबांसाठी साधन करायचं आहे. माप घेण्याआधी मी त्यांच्या सुनेला विचारलं, "घरात काही ठरायचंय का? यांना विचारावं असं?"

ती सासऱ्यांकडे बघत हळूच म्हणाली, "धाकट्या दिरांचं वेगळं निघायचं चाललंय. परवा बसणार आहेत सगळे."

"मग आधी साधा माउस करू. बाकीचं मागून," मी म्हटलं, "आणि घरातला कॉम्प्युटर आत्ताच लावा."