माझी सर्व्हो मोटर का तापत होती

मंडळी, आज दुपारी गॅरेजमध्ये हौसेने बनवलेलं माझं छोटं, संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणारं सीएनसी मशीन तिसऱ्यांदा बंद पडलं. त्याचं पातं सरकवणारी मागची सर्व्हो मोटर इतकी तापली की जळका वास सुटला.

सकाळपासून मी सेटिंग बदलतोय, नाशिकच्या उन्हाला शिव्या घालतोय. शेवटी मशीन भिंतीपासून ओढलं, तर मोटरवर जाड कापडी कव्हर! आमच्या मिक्सरला आहे तसंच, आईने शिवलेलं.

मी ओरडणारच होतो, तेवढ्यात आई दारातून म्हणाली, "नीट बसलं का रे? तूच म्हणालास ना, आत धूळ गेली तर मोटर जाईल."

चटका बसत होता, तरी कव्हर झटकन काढून पाठीमागे लपवलं आणि म्हटलं, "एकदम फिट."

आता मोटर उघडीच ठेवायला हवी, आणि आई रोज डोकावते. काय सांगू तिला?