माणूसशास्त्र

निरगुडसरच्या डेअरीत दुधाचं फॅट बघणारी बाई मानसशास्त्राला 'माणूसशास्त्र' म्हणते. तिची शाळा नववीत सुटली. आता ती मुक्त विद्यापीठाचं पूर्वतयारीचं वर्ष करते, दर रविवारी मंचरला तासाला जाते. "हे एक वरीस, मंग माणूसशास्त्राच्या डिग्रीची तीन. तवर लेक माझ्या म्होरं जाईल, गुरुजी," म्हणते आणि हात पुसून पुन्हा पुस्तक उघडते. पानांना दुधाचा वास येतो.

मी जन्मभर मराठी शिकवलं, म्हणून तिचा शब्द एकदा दुरुस्त केला. तिने तो वहीत नीट लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा माणूसशास्त्रच.

गावातल्या एका म्हातारीची गाय मुलाने विकली. तरी ती रोज सकाळी रिकामी किटली घेऊन रांगेत यायची. लोक हसायचे. ही बाई मात्र किटली घ्यायची, झाकण उघडून आत बघायची आणि गरम पाण्याने विसळून परत द्यायची. "उद्या या, मावशी."

हे पुस्तकात दिलंय का, असं मी तिला विचारलं.

"तिथवर पोचले न्हाई अजून," ती म्हणाली.

गेल्या आठवड्यात माझी गाय आटली, दूध बंद झालं. बायको गेल्यापासून घरात मी एकटाच. आज सकाळी इस्त्रीचा सदरा घातला, किटली घेतली आणि रांगेत जाऊन उभा राहिलो.

तिने झाकण उघडलं, आत बघितलं, गरम पाणी ओतलं.

"उद्या या, गुरुजी."