बास्केटमधली टकटक

चाळणीबद्दल लिहितोय म्हटल्यावर तुम्ही आता आईचं स्वयंपाकघर, पिठाचा धुरळा आणि खिडकीतनं येणारं ऊन असलं कायतरी डोळ्यापुढं आणलं असणार. आणू नका. आमच्या घरातली चाळण कुठं ठेवत्यात ते मला आजून ठाऊक न्हाय. आणि आई एकदा विड्या वळायला बसली की ऊन कुठनं येतंय ते बघायला तिला सवड नसती. मी सांगतोय ती चाळण माझ्या छातीएवढी उंच हाय, लोखंडाच्या बंद पिंपात उभी बसवलेली. तिला चाळण म्हटलेलं आमच्या मॅनेजर साहेबांना खपत न्हाय. बास्केट म्हणायचं.

आणि मी नकला करतो हे ज्यांना ठाऊक हाय, ते वाट बघत असतील, की आता हा एखादा पुढारी न्हायतर हिरो काढणार. तेबी न्हाय. ज्या नकलेवर माझी नोकरी टांगली होती, ती एका लोखंडी पात्याची होती.

मिल निपाणीपासनं बेळगावच्या अंगाला, हायवे सोडून थोडी आत. रद्दीपासनं खोक्यांचा जाड तपकिरी कागद करत्यात. बेळगावच्या ऑफिसातली रद्दी येती, निपाणीच्या वखारीतले फाटके पुठ्ठे येत्यात, शाळा-कॉलेजातल्या वह्या येत्यात. कानडी, मराठी, इंग्लिश सगळं एकाच टाकीत पडतं, पाण्यात घुसळलं जातं, आणि ताकासारखा पातळ लगदा तयार होतो. पण रद्दीसंगं काय काय येतं म्हणून सांगू. पिना, सुतळी, दुधाच्या पिशव्या, वाळू. एकदा अर्धी कवळी निघालती. हे सगळं कागदात गेलं तर कागद फाटतो, म्हणून मधी स्क्रीन. पिंपात बास्केट, तिला नखाच्या कडेएवढ्या बारीक चिरा. आत रोटर फिरतो, त्याला पाती बसवल्यात. पाती बास्केटीच्या अगदी जवळनं फिरत्यात पण लागत न्हायत, आणि चिरा तुंबू देत न्हायत. चांगला लगदा चिरांतनं पुढं कागदाच्या मशीनकडं, घाण मागं. एवढंच. पण त्या बास्केटीला एक भोक पडलं तरी सगळा कागद वाया, आणि नवी बास्केट लई लांबनं येती. मागची फाटलती तवा मिल कितीतरी दिवस बंद ऱ्हायलती आणि आम्ही सगळे घरी बसलतो.

मी पहिल्यांदा स्क्रीनवर हेल्पर म्हणून लागलो तवा मला ते काम लई आवडलं, कारण तिथं कानाचं काम हाय. मशीनवर डोळ्यांनी बघायचं, स्क्रीनवर ऐकायचं. मला लहानपणापासनं एकच गोष्ट येती, एकदा ऐकलं की तोंडातनं तसंच काढायचं. शाळेत मास्तरांचा खोकला काढायचो, एसटीचा हॉर्न काढायचो. मिलमधी आलो आणि मॅनेजर साहेब मिळाले. साहेब धारवाडकडचे, मराठी बोलत्यात पण वाक्य कानडी चालीवर खाली आणून सोडत्यात, आणि चिडले की पुरं कानडीतच. ह्यापेक्षा चांगला माल नकलाकाराला मिळत न्हाय. जेवणाच्या सुट्टीत मी साहेब काढला की डबे उघडे ऱ्हायचे.

पण एकदा मी तो वॉकीटॉकीवर काढला. मशीन चालवणाऱ्या अण्णांना साहेबाच्या आवाजात सांगितलं, 'मशीन निल्लसु', म्हंजे मशीन थांबव, मालक पाव्हणे घेऊन आल्यात. अण्णा चिकोडीकडचे, शेतीवाले, सरळ माणूस. त्यांचं बोट बटणावर गेलतं. तेवढ्यात मी हसलो म्हणून वाचलं. साहेबांच्या कानावर गेलं आणि दुसऱ्या दिवशी मी रद्दीच्या यार्डात. तिथं उन्हात गठ्ठे फोडायचे, प्लास्टिक वेगळं करायचं, संध्याकाळी नाकातनं काळं निघायचं. तिथल्या बायका चांगल्या होत्या, आक्का आक्का करत मी दिवस काढले, पण मला स्क्रीनवर परत जायाचं होतं. साहेबांच्या मागं लागलो. रोज सकाळी त्यांची गाडी लागली की मी उभा. शेवटी कंटाळून त्यांनी घेतलं, एका अटीवर. मिलच्या गेटात परत एक नक्कल ऐकली तर यार्ड न्हाय, सरळ घर.

म्हणून मी ठरवलं, गेटच्या आत तोंड बंद. पोरं म्हणायची साहेब काढ की रं, मी म्हणायचो साहेब रजेवर गेलेत. असं बरेच दिवस निभावलं.

तर त्या दिवशी सकाळची पाळी होती. गेटवर खोकीवाल्याचा ट्रक कागदासाठी उभा होता. मी नेहमीसारखा स्क्रीनच्या पिंपाला हात लावून उभा होतो आणि मला आत कोणतरी टकटक करतंय असं वाटलं. लई बारीक. स्क्रीनचा आवाज म्हंजे एक जाड हूं असतो, सारखा. त्या हूंच्या खाली, प्रत्येक फेऱ्याला एकदा, टक. मीटर बघितला, बरोबर. प्रेशर बघितलं, बरोबर. कंपन हाताला जाणवंना. फक्त टक.

अण्णांकडं पळत गेलो. त्यांनी येऊन कान लावला, मान हलवली. म्हणाले काय न्हाय, तुझ्या कानातच टकटक व्हायला लागलीय. पाळीचा फिटर पोरगा आला, त्यालाबी ऐकू येईना. मला मात्र दुसरं काय ऐकूच येईना.

मिलमधी आधी एक फिटर मामा होते. आता काम सोडून बेळगुंदीला शेती करत्यात. त्यांनीच ही स्क्रीन बसवलेली. फोनवर आवाज रेकॉर्ड करून त्यांना पाठवला. त्यांचा फोन आला, म्हणाले नुसतं घूं ऐकू येतंय, गिरणीत उभा हाईस का काय. मग त्यांना फोन लावला आणि तो स्क्रीनला टेकवून धरला. हल्लीच्या फोनची एक खोड हाय, माणसाचा आवाज ठेवत्यात आणि मशीनचा दाबून टाकत्यात. मामांना माझा श्वास ऐकू यायचा, स्क्रीन न्हाय.

आता एकच इलाज होता, आणि तो माझ्या तोंडात होता.

मी मागं रद्दीच्या गठ्ठ्यांच्या आडोशाला गेलो, तिथं जरा शांत असतं. इकडं तिकडं बघितलं. मामांना म्हटलं, मी स्क्रीन काढतो, तुम्ही ऐका. आधी चांगली काढली, नेहमीची, हूं. मग आजची काढली, खाली टक घालून. मामा हसले न्हायत. म्हणाले परत काढ. मग विचारलं, टक प्रत्येक फेऱ्याला का सोडून सोडून. प्रत्येक फेऱ्याला. लगदा घट्ट आला की वाढतं का. व्हय, तेबी काढून दाखवलं. वाजल्यावर घुमतं का तिथंच मरतं. थोडं घुमतं, असं. मी डोळं मिटून, गाल फुगवून, सगळं अंग लावून काढत होतो.

मामांनी पुरं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू काढतोस तसाच आवाज असला तर पातं सैल झालंय आणि बास्केटीला लागायला लागलंय. लगेच थांबवा. पण आवाज तुझा हाय बाबा. मी हितं रताळ्याच्या रानात उभा हाय, मी काय शपथ घेऊ?"

डोळं उघडलं तर समोर साहेब.

किती वेळ उभे होते देव जाणे. त्यांनी विचारलं, नक्कल करत होतास. मी म्हटलं व्हय. कुणाची. मी म्हटलं स्क्रीनची. ते माझ्याकडं असं बघायला लागले की मला यार्डातल्या आक्काबी आठवल्या न्हायत, सरळ गेटच दिसलं. पण मी हललो न्हाय. मामांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, मशीन थांबवलं तर कागद तुटणार, परत लायनीवर आणायला दुपार होणार, ट्रक रिकामा जाणार. आणि हे सगळं तू तोंडानं टक केलंस म्हणून?

"व्हय," मी म्हटलं. "उघडल्यावर काय न्हाय निघालं तर मी इथनंच घरी जातो, तुम्हाला सांगायला लावत न्हाय. पण टकटक हाय. मी ऐकलीय."

साहेबांनी मला स्क्रीनपाशी नेलं, कान लावला. त्यांनाबी ऐकू आलं न्हाय. तरी त्यांनी पिंपावरचा हात लगेच काढला न्हाय. मागची बास्केट फाटली तवा मालकापुढं तेच उभे ऱ्हायलेले. त्यांनी वॉकी घेतला.

इथं एक सांगायला पायजे. स्क्रीन नुसती बंद करून चालत न्हाय. आधी लगद्याचा पंप बंद करायचा, न्हायतर स्क्रीनमधी लगदा कोंबून बसतो आणि खोदून काढावा लागतो. त्या पंपाचं बटण अण्णांच्या पॅनलवर, शेडच्या दुसऱ्या टोकाला.

साहेब वॉकीत म्हणाले, पंप बंद करा, मशीन निल्लसु.

तिकडनं अण्णांचा आवाज आला, निवांत. "हां साहेब, थांबवतो. च्यात साखर किती घालू?"

मागं पोरं खिदळली. साहेबांना कळंना काय झालं. मला लगेच कळलं. साहेब चिडून परत म्हणाले, आता कानडीत. आणि तिथंच घोटाळा वाढला. कारण मी साहेब काढायचो तो नेहमी चिडलेला काढायचो. ते जेवढं जास्त चिडत होते तेवढा तो माझा साहेब वाटत होता. अण्णा म्हणाले आज लई बरोबर जमलंय, पण मी एकदाच फसतो.

साहेबांनी वॉकी माझ्या तोंडाला लावला, म्हणाले तू सांग. मी माझ्या आवाजात म्हटलं, अण्णा, आईशप्पत, ते खरे साहेब होते, पंप बंद करा. झालं. त्याच वॉकीवर माझा आवाज ऐकल्यावर अण्णांची खात्रीच पटली. वॉकी बंद.

टक. टक. आता मला ती कान न लावता ऐकू यायला लागली.

मी पळालो. शेड लांबलचक, खाली पाणी सांडलेलं, पायात गमबूट. मधी एकदा सपशेल आपटलो, हेल्मेट एकीकडं, मी एकीकडं. तसाच उठलो. पोरं टाळ्या वाजवत होती, त्यांना वाटलं खेळ चाललाय. पॅनलवर हात घातला तर अण्णांनी मनगट धरलं. जोर लई हाय त्यांच्यात. म्हणाले बास कर रं आता, पोटावर पाय पडंल तुझ्या. मी काय बोलायच्या आत अण्णांचं लक्ष माझ्या मागं गेलं. साहेब धापा टाकत येत होते, शर्ट बाहेर आलेला, आणि तोंडातनं शब्द निघत न्हवता.

शब्द निघत न्हवता म्हणूनच अण्णांना पटलं. त्यांनी माझं मनगट सोडलं आणि स्वतःच बटण मारलं. पंप थांबला. पुढं मशीनवर कागद टरकन तुटला, वाफेचा लोट उठला, आणि मग मी जाऊन स्क्रीन बंद केली. हूं खाली खाली येत विझला. शेडमधी एवढं शांत मी पहिल्यांदा ऐकलं.

फिटर पोरानं झाकणाचे बोल्ट काढले. लगदा धुतला. साहेब, अण्णा, पोरं सगळी वाकून. मी मागं उभा ऱ्हायलो. बघायचं धाडस होईना. फिटर पोरानं आत हात घालून एक पातं हलवलं आणि ते हललं. एक बोल्ट गेलेला, दुसरा अर्धा बाहेर. बास्केटीवर आतनं एक गोल, चकचकीत रेघ ओढलेली, चाकूनं ओढावी तशी. अण्णांनी रेघेवरनं बोट फिरवलं. चिरा शाबूत होत्या.

साहेबांनी बघितलं, बोल्ट नवे घाला म्हणाले, आणि मला आणि अण्णांना केबिनमधी बोलवलं. ट्रक तवर निघून गेलता.

दार लावल्या लावल्या पहिला नंबर अण्णांचा लागला, साखर विचारल्याबद्दल. अण्णा एवढे मोठे माणूस, खाली मान घालून म्हणाले, साहेब, मला वाटलं हा हाय. तवा साहेब माझ्याकडं वळले. पात्याचं नाव घेतलं न्हाय, बास्केटीचं न्हाय, शाबास तर न्हायच न्हाय.

"माझा आवाज माझ्याच मिलमधी चालंना झालाय," साहेब म्हणाले. "मी थांब म्हटलं की थांबलं पायजे. उद्या कुणाचा हात रोलरमधी गेला आणि मी वॉकीवर ओरडलो, तर हे मला साखर विचारणार? तिन्ही पाळ्यांत जायाचं, एकेकाच्या पुढं उभं ऱ्हायाचं आणि स्वतःच्या आवाजात सांगायचं की मी परत साहेब काढणार न्हाय. आणि त्या अण्णांच्या पाया पड आधी. वयानं कोण हाईत ते बघतोस का न्हाय?"

मी पाया पडलो. अण्णांनी पाठीत एक धपका घातला, तो आशीर्वाद होता का राग ते आजून कळलं न्हाय. मला वाटलं सुटलो, दाराकडं निघालो.

"थांब. हेल्मेट कुठं हाय तुझं? अर्ध्या शेडमधनं उघड्या डोक्यानं पळालास. ओल्या फरशीवर पळायचं नसतं हे शिकवलंय का न्हाय? यार्डात चाललं असतं एक वेळ. स्क्रीनवरच्या माणसानं असं पळायचं? डोकं फुटलं असतं तर उद्या सकाळच्या पाळीला मी कुणाला उभा करू तिथं, तुझ्या त्या बेळगुंदीच्या मामाला? जा, हेल्मेट शोध आधी. आणि तोंड पूस, लगदा लागलाय."