पाण्यासाठी इथे पाहा

नवऱ्याच्या वर्षश्राद्धानंतर काही दिवसांनी मी त्यांची वेबसाइट उघडली, तर पत्ते पिसत बसलेली एक बाई माझ्याकडे बघून हसत होती. ‘रमी आत्ता खेळा, आत्ता जिंका.’ मला वाटलं फोनच बिघडला. बंद करून पुन्हा उघडला. बाई तिथेच. वर पत्ता मात्र यांचाच, एका अक्षराचाही फरक नाही.

ही वेबसाइट काय होती ते आधी सांगते. सरकारी नोकरी सांभाळून हा माणूस दर रविवारी किल्ल्यावर जायचा, सोबत कॉलेजपासूनचे एक मित्र. एकदा ऐन चैत्रात पेठकडच्या एका किल्ल्यावर मित्र टाक्यातलं पाणी प्यायले आणि उलट्यांनी असे गळून गेले की यांनी त्यांना पाठीवर घेऊन खाली आणलं. तेव्हापासून यांनी एकच ध्यास घेतला. जिल्ह्यातल्या कुठल्या किल्ल्यावर कुठल्या टाक्याचं पाणी कुठल्या महिन्यापर्यंत पिण्याजोगं असतं, तेवढंच वेबसाइटवर लिहायचं. इतिहास नाही, सूर्यास्ताचे फोटो नाहीत, स्वतःचा तर नाहीच नाही. ‘तुमच्या वेबसाइटपेक्षा आपलं रेशनकार्ड देखणं आहे,’ असं मी म्हणायचे. ते हसून पुन्हा टंकत बसायचे.

‘माझी लिंक टाका’ म्हणून ते कोणाच्या दारात कधी गेले नाहीत. तरी डोंगर चढणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपच्या वेबसाइटवर एक ओळ असायची: ‘पाण्यासाठी इथे पाहा.’ त्यावर बोट ठेवलं की यांचं पान उघडायचं. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, पण तो त्यांनी फक्त मला सांगितला.

ते गेल्यावर बँकेने सांगितलं म्हणून मी मृत्यूचा दाखला देऊन त्यांचं खातं बंद केलं. वेबसाइटच्या नावाची फी दरवर्षी त्याच खात्यातून आपोआप जायची, हे मला कोण सांगणार? सांगणारा भिंतीवर फोटोत जाऊन बसला होता. फी थकली, नाव मोकळं झालं आणि कोणीतरी ते उचललं.

माझ्या बहिणीचा मुलगा गंगापूर रोडच्या एका ऑफिसात हेच काम करतो, लोकांच्या वेबसाइट गुगलवर वर आणायचं. त्याला विचारलं, ‘अरे, पाण्याच्या टाक्यांच्या वेबसाइटवर जुगार कशाला?’

‘मावशी, त्यांना काकांची वेबसाइट नकोच होती. काकांना मिळालेल्या लिंक हव्या होत्या. चांगल्या लोकांनी तुमच्याकडे बोट दाखवलं की गुगल तुम्हाला चांगलं समजतं. अशा लिंक मिळवायला आम्ही लोकांच्या पाया पडतो. इथे त्या आयत्याच पडल्या होत्या.’

म्हणजे पायपीट यांनी करायची आणि विश्वास रमीवाल्यांनी खायचा. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

उपाय एकच होता. सगळ्यांना लिहून लिंक काढायला लावायच्या. लिंक गेल्या की ते नाव रमीवाल्यांना कवडीमोल. मी एकेकाला मेल करत सुटले. लोक चांगले, पटापट काढत गेले. ‘काकू, झालं.’ ‘काढली, काळजी नको.’ प्रत्येक उत्तराने मला हायसं वाटायला हवं होतं, पण मला रडू यायचं. नवऱ्याचं नाव राखायचं म्हणून मीच ते जागोजागी पुसत चालले होते.

शेवटी रमीवाल्यांनी नाव सोडलं आणि भाच्याने ते मला मिळवून दिलं. यांचा मजकूर घरच्या कॉम्प्युटरवर होता, तो जसाच्या तसा चढवला. देवापुढे साखर ठेवली. मग गुगलवर शोधलं, तर आमचं पान कुठेच नाही. सगळ्यात वर डोंगरावर सहली नेणारी कोणी एक कंपनी, आणि तिच्या पानावर यांचीच वाक्यं. चोरी तर चोरी, तीही धड नाही. ज्या टाक्यापुढे यांनी ‘होळीनंतर पिऊ नये’ असं लिहिलं होतं, त्याच टाक्यापुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘बारमाही पाणी’. गिऱ्हाइकाला वाचायला बरं वाटतं ना! मी कंपनीला कितीदा तरी लिहिलं. उत्तर नाही.

‘आता लिंक परत मिळवायला लागतील,’ भाचा म्हणाला. ज्यांना काढा म्हणाले होते, त्यांनाच टाका म्हणायला गेले. आता मात्र अळीमिळी गुपचिळी. एकाने ‘विकत घ्या’ म्हणून लिंकच्या पॅकेजचे दर पाठवले. एका ग्रुपच्या मुलाने तेवढं खरं सांगितलं, ‘काकू, तुमच्या वेबसाइटवर जुगार होता. गुगल ते विसरत नाही. तुम्हाला लिंक दिली तर आम्हीही खाली जाऊ.’ तुमच्या वेबसाइटवर म्हणे जुगार होता! सुपारीचं खांडही तोंडात न टाकलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावं.

उरले ते यांचे कॉलेजपासूनचे मित्र. किल्ला उतरून आमच्याकडे पिठलं-भाकरी खाल्लेले. त्यांचीही किल्ल्यांवरची वेबसाइट होती, ती आता मोठी झाली आहे. उघडली, तर यांच्यावर अख्खं पान. हार घातलेला फोटो, ‘सह्याद्रीचा सच्चा सेवक’, आणखी काय काय. मेल्या म्हशीला मणभर दूध. पण फोटोखाली ती जुनी ओळ दिसली: ‘पाण्यासाठी इथे पाहा.’ माझा जीव भांड्यात पडला. बोट ठेवलं, तर त्या कंपनीचं पान उघडलं. बारमाही पाणी.

मी तडक फोन लावला.

‘वहिनी, त्यांनीही आम्हाला लिंक दिलीय,’ मित्र म्हणाले. ‘आम्ही काढली तर तेही काढतील. देवाणघेवाण असते ती. समजून घ्या.’

‘आणि कोणी ते पाणी प्यायलं तर? तुम्ही प्यायलात तेव्हा पाठीवर घेणारा होता.’

‘हल्ली सगळे बाटल्या घेऊन जातात हो.’

‘मग यांच्या फोटोखाली ती लिंक नको. दोन्हींतलं एक काढा.’

‘बघतो,’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी ते पान उघडलं. त्यांनी फोटो काढला होता.