आईचा पाटा आणि हीटसिंक

काल पुतण्याने विचारलं, "काका, हीटसिंक बसवण्याआधी तळ घासून गुळगुळीत करू का?" नेमका तेव्हाच स्वयंपाकघरातून लाल मिरचीचा ठसका आला आणि माझा हात कपाळावरच्या जुन्या खुणेकडे गेला.

तरुणपणी बमरोलीच्या आमच्या खोलीत दादा कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढायचा. एके दिवशी तो कॉम्प्युटर तापून सारखा बंद पडत होता आणि संध्याकाळपर्यंत डिझाइन गेलं नाही, तर काम सुटणार होतं. मी म्हणालो, "चिपवर नुसती थर्मल पेस्ट लाव, उष्णता निघून जाईल." पण दादाने चिप थंड ठेवणारा हीटसिंकचा पात्यापात्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा आईच्या मिरची वाटायच्या पाट्यावर खसाखस घासायला घेतला. मी हिसकावला. त्याने माझी गचांडी धरली, मी त्याच्या दंडाला कडकडून चावलो आणि ठोकळ्याची पाती माझ्या कपाळात घुसली. वा, काय रक्त आलं!

दादाने पेस्ट लावून तो तसाच, न धुता बसवला. कॉम्प्युटर सुरू होताच पंख्याने पात्यांतली मिरची खोलीभर उडवली. आम्ही आंधळे होऊन एकमेकांना बुकलत असताना आईचं लाटणं दोघांच्या पाठीवर बरसलं. "मन्हा पाटा! आते भाकर बी त्या डबड्यावरच भाजा!"

कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत बंद पडला नाही. घासल्यामुळे की पेस्टमुळे, हा खटला अजून चालूच आहे.

पुतण्याला म्हणालो, "मुळीच घासू नकोस. आणि हे तुझ्या बापाला फोन करून सांग. बघू, येतो का मारायला."