निळ्या धुराच्या गाड्या

गाडी दुरुस्त होऊन घरी जाते, तिचा किस्सा मात्र गॅरेजमध्येच राहतो. अमरावतीत बडनेरा रोडवर माझं आणि मधुकरचं गॅरेज आहे. येणाऱ्या गाड्या बहुतेक टर्बो डिझेल. ऑइल गळतं नाहीतर जळतं, मागून निळा धूर. गळती आम्ही बंद करतो हो. माणसांचं काय करायचं!

चांदूर बाजारच्या एका भाऊनं ब्रीदरच्या नळीत लाकडाचं बूच ठोकलं होतं. ब्रीदर म्हणजे इंजिनाचं नाक. आतला दाब तिथून बाहेर पडतो, सोबत थोडं ऑइलही येतं. यानं नाकच बंद केलं! दाब वाढून सगळ्या सीलमधून ऑइल वाहायला लागलं.

मधुकरनं कपाळाला हात लावला. भाऊ शांतपणे म्हणाला, "पन त्या नळीतून तं नाही गळून राहिलं न आता?"

एक गृहस्थ आले. "गळती राहू द्या. फक्त इंजिन धुऊन चकाचक करा."

"विकून राह्यले काय?" मधुकरनं विचारलं.

"नाही जी, जावयाले देऊन राहिलो. बाहेरचा मानूस तं खाली वाकून पाहते न!"

नांदगाव पेठेत कामगारांची ने-आण करणारा एक ठेकेदार आहे. त्याच्या गाडीत ऑइल सारखं कमी व्हायचं. मी सांगितलं, टर्बोचं सील गेलंय, ऑइल जळतंय. त्यानं ऐकलं नाही. ड्रायव्हर ऑइल चोरतो म्हणून त्याला चारचौघांत शिव्या घालून काढून टाकलं. म्हातारा माणूस, आमच्या बाकावर बसून रडला.

नवा ड्रायव्हर आला. ऑइल पुन्हा कमी!

ठेकेदार आमच्याकडं येऊन हळहळला, "काय जमाना आला भाऊ! हाही चोरच निघाला."

अकोल्याचे एक डॉक्टर निळा धूर सोडत यायचे. मी म्हणालो, "साहेब, आत्ताच करून घ्या, पुढं इंजिन जाईल."

"चालतेय ना अजून? मग बघू."

मधुकर म्हणाला, "पेशंटलेही असंच सांगता काय?"

"पेशंट स्वतःच सांगतात. म्हणून तर माझा दवाखाना चालतो!"

आणि वरूडचे ते दोघे भाऊ. संत्र्याच्या बागेची वाटणी झाली, गाडी मात्र एकच. एक आठवडा थोरल्याकडं, एक धाकट्याकडं. बोलणं बंद. गाडी ऑइल जाळत होती. मी दोघांनाही वेगवेगळं सांगितलं होतं. दोघांचं उत्तर एकच, "माह्या आठवड्यात नाही जळत."

शेवटी वडिलांनी दोघांना गाडीसकट गॅरेजला पाठवलं. धाकट्यानं इंजिन चालू केलं आणि ते सुटलंच! डिझेल इंजिन असं स्वतःचंच ऑइल पिऊन पळायला लागलं की चावी काढूनही थांबत नाही. हवेचं तोंड दाबावं लागतं. सगळं अंगण धुरानं भरलं. धाकटा आतून चावी दाखवत ओरडत होता, "बंद नाही होऊन राहिली!"

थोरला उघड्या बॉनेटपाशीच उभा होता. मधुकरनं हौदात बुडवलेलं गोणपाट त्याच्याकडं फेकलं. "हवेच्या पाइपावर दाब! दाब बे!"

थोरल्यानं ते झेललं आणि तसाच उभा राहिला. मी धावत पोचेपर्यंत आतून खाडकन आवाज आला. इंजिन गप्प झालं.

"काहून नाही दाबलं?" मधुकर किंचाळला.

थोरल्यानं गोणपाटाची नीट घडी घातली.

"हा आठवडा त्याचा हाय," तो म्हणाला.