तिसऱ्या कडव्यातला ओरखडा

आमच्या भजनी मंडळाची पेटी अलिबागला ज्याच्याकडे दुरुस्तीला जायची, तो पेटीआधी माझ्या बायकोची चौकशी करायचा. "वहिनी बरी हाय ना?" ती त्याच्याच गावची. गावच्या मुलीला सगळे ताई म्हणतात. हा वहिनी म्हणायचा. मला ते खटकायचं.

स्वतः पेटी वाजवून आणि आईला गायला लावून त्याने लग्नातल्या धवल्यांची रेकॉर्ड मुंबईत काढून आणली होती. म्हातारी गावची धवलारीण, धवले गाऊन लग्न लावणारी. दुकानात बसून ती सांगायची, "नवरानवरीचं नाव घेतल्याबिगर धवला गायाचा नसतो. तिथं लगीन नव्हतं, तरी मी नावं घातलीच." कुणाची, असं विचारलं की नुसती हसायची.

गिऱ्हाईक आलं की तो रेकॉर्ड लावायचा, आणि तिसरं कडवं आलं की हातातलं काम टाकून सुई उचलायचा. "तिथं ओरखडा हाय." मी ती तबकडी एकदा उजेडात धरून पाहिली होती. ओरखडा कुठेच नव्हता.

एके दिवशी त्याचे दोन्ही हात सरसाने भरलेले होते आणि तिसरं कडवं सुरू झालं. म्हातारीने नवरदेव म्हणून त्याचं नाव घेतलं, मग नवरीचं. ते माझ्या बायकोचं माहेरचं नाव होतं, लग्नात मी बदललेलं. त्याने मान वर केली नाही.

घरी बायकोने विचारलं, "त्या मायलेकांची रेकॉर्ड ऐकलीत का हो? कशी आहे?"

"तिसऱ्या कडव्यात ओरखडा आहे," मी म्हणालो.